पट्ट्यांमधली फट

पट्ट्यांच्या वाद्याला एक जन्मजात दुःख असते. एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचे तर मधली फट उडी मारूनच ओलांडावी लागते. मींड पेटीच्या नशिबी नाही, तशी पियानोच्याही नाही. आमच्या पेटीला तर ह्या आणि अशाच अपराधांपायी ऑल इंडिया रेडिओने १९४० साली दाराबाहेर उभे केले आणि तीसएक वर्षे आत घेतले नाही. मी स्वतः पेटी बडवणारा. म्हणूनच की काय, हर्बी हॅनकॉक ह्या अमेरिकन वादकाकडे मी त्या फटीतूनच पाहतो.

हा मनुष्य १९४० साली शिकागोत जन्मला. अकराव्या वर्षी तिथल्या सिंफनी वाद्यवृंदाबरोबर मोझार्ट वाजवला. पुढे कॉलेजात गेला तो मात्र विद्युत अभियांत्रिकी शिकायला! दोन वर्षांनी संगीताकडे वळला खरा. पण तारा उसकटून पाहण्याची खोड गेली नाही, आणि ती गेली नाही हे फार बरे झाले.

१९६३ साली माइल्स डेव्हिसने त्याला आपल्या ताफ्यात घेतले. एकदा युरोपातल्या मैफलीत ह्याच्या हातून धडधडीत चुकीचे स्वर पडले. माइल्सने क्षणभर थांबून ट्रंपेटवर असे काही वाजवले, की ते चुकलेले स्वरच बरोबर होऊन बसले. ही हकीकत हॅनकॉक स्वतः सांगतो. पुढे ह्याच माइल्सने ध्वनिमुद्रणाच्या वेळी पियानोऐवजी कोपऱ्यातल्या विजेच्या पियानोकडे बोट दाखवले. हॅनकॉकला ते खेळणे वाटले. बोट ठेवले आणि तो त्या नादाच्या प्रेमात पडला.

मग १९७३ सालचे 'हेड हंटर्स'. त्यातल्या 'कमिलियन'चा तो सुप्रसिद्ध खर्ज कोणा तंतुवाद्याचा नव्हे, सिंथेसायझरचा आहे. ह्या यंत्रावर स्वर वाकवता येतो. पट्टीवाल्याला मींड सापडली! ती तबकडी पुढे दहा लाखांवर खपली, आणि खपली म्हणूनच पुष्कळांना ती बाटलेली वाटली. माझे एक स्नेही जाझचे मोठे जाणकार. १९७३ नंतरचा हॅनकॉक ते घरात वाजू देत नाहीत. त्यांचे म्हणणे, यंत्राला श्वास नसतो. मी म्हणतो, पेटीचा भाता विलायतेहून आला तेव्हाही कोणी हेच म्हटले असेल. मात्र १९७८ साली यंत्रातून आवाज काढून तो गायला, ते मलाही सोसत नाही, हे मी त्यांना सांगितलेले नाही.

१९८३ साली 'रॉकिट' आले. त्यात ग्रँड मिक्सर डीएसटी हा कलावंत फिरती तबकडी हाताने मागेपुढे घासतो. ज्या कृत्याबद्दल लहानपणी आम्ही मार खाल्ला तेच इथे वाद्य झाले. न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतली ही हिप-हॉपची कला त्यामुळे घरोघर पोचली. ह्या गाण्याच्या चित्रफितीत यंत्रमानव नाचतात. हॅनकॉक दिसतो तो एका टीव्हीच्या लहानशा पडद्यावर. त्या काळी एमटीव्हीवर काळा कलावंत क्वचितच दिसे. १९८४ साली त्या वाहिनीने आपली बक्षिसे प्रथमच वाटली, तेव्हा ह्या चित्रफितीला पाच मिळाली. वाद्याला दार बंद असणे निराळे आणि माणसाच्या तोंडाला दार बंद असणे निराळे, हे ती पाहताना मला समजले.

आणि तो पियानो सोडून कुठे गेला होता? माइल्सच्या जुन्या सोबत्यांना घेऊन तो पुन्हा साध्या पियानोवर बसलाच होता. जोनी मिचेलच्या गाण्यांवरच्या त्याच्या २००७ सालच्या अल्बमला सबंध वर्षातला सर्वोत्तम म्हणून ग्रॅमी मिळाले.

स्नेह्यांची सर्वांत लाडकी तबकडी १९६४ सालची, 'एम्पिरियन आइल्स'. तिच्यातल्या 'कँटलूप आयलंड'चा तुकडा उचलून लंडनच्या 'यूएसथ्री'ने हिप-हॉपचे गाणे रचले आणि १९९३ साली पोरे त्यावर नाचली, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी काही न बोलता ती तबकडी पुसली, पाकिटात घातली. आणि मग, मी उठायच्या आत, पुन्हा बाहेर काढून लावली.