किल्लारीच्या वाटेवरील भिंती

लातूर जिल्ह्यांत औशाहून किल्लारीकडे जातांना जुनीं माळवदाचीं घरें दृष्टीस पडतात. दोन-तीन फूट रुंद दगडी भिंत पाहून कोणासही निर्धास्त वाटावें. परंतु ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास अशाच भिंतींनीं हजारों माणसांचा घात केला. आंतबाहेर दगडांचे दोन पदर व मध्यें चिखल-चिपा. भूकंपाचा धक्का बसतांच पदर विलग झाले व दगडमाती निजलेल्यांवर कोसळली.

वांचलेल्या घरांसाठीं उपाय साधा आहे. भिंतीस आरपार भोंक पाडून त्यांत आंकडेदार पोलादी सळई घालावी व तें काँक्रीटनें भरावें. दारांच्या माथ्यावरून घरासभोंवतीं पोलादी जाळीचा पट्टा ठोकून वर सिमेंटचा गिलावा करावा.

आपल्याही गांवीं वडिलार्जित वाडा दगडमातीचाच असेल. त्याच्या भिंतींचे दोन पदर एकमेकांस धरून आहेत काय, हें जाणत्या इंजिनियरकडून एकदां अवश्य पाहून घ्यावें.