आता या वयात दातांचं काय करायचं?

आज एक घरचीच गोष्ट सांगतो.

माझी आजी जिंतूर तालुक्यात, आमच्या गावी राहायची. वय 84. परभणीत माझा दातांचा दवाखाना. रोज कितीतरी लोकांची तोंडं तपासायचो, पण आजीच्या तोंडात कधी डोकावलो नव्हतो. तिने आधी हुरडा सोडला. मग भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. आम्ही म्हणालो, वय झालं. गोळ्या वाढवूनही साखर उतरत नव्हती. तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

एका दिवाळीत ती माझ्याशी बोलताना तोंडावर पदर धरू लागली, वास येतो म्हणून. बॅटरी लावून पाहिलं तर हिरड्या सुजलेल्या, दाबल्यावर पू येत होता, खालचे चार दात हलत होते. दवाखान्यात चल म्हणालो, तर म्हणाली, "माझ्या गोवऱ्या गेल्या मसणात. आता दाताला काय सोनं लावायचंय?"

हे वाक्य तुमच्याही घरात ऐकलं असेल. त्यामुळेच ऐंशी ओलांडलेली माणसं हिरड्यांसाठी दवाखान्यात येत नाहीत आणि आपणही त्यांना आणत नाही.

पण दात वयामुळे पडत नाहीत, अनेकदा हिरड्यांच्या आजाराने पडतात. दातांवरचा चिकट थर रोज निघाला नाही की तो कडक होतो. त्यातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते आणि आतलं हाड झिजतं. दुखत मात्र फारसं नाही, म्हणून कळत नाही. मधुमेह असेल तर हा आजार वाढतो आणि या आजाराने साखर आटोक्यात ठेवणं अवघड होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडातले जंतू फुफ्फुसात गेले, तर न्यूमोनियाही होऊ शकतो.

"साफ केल्याने दात हलतात" हा गैरसमज आहे. हाड आधीच झिजलेलं असतं. कडक थर निघाल्यावर ते जाणवतं एवढंच.

जपानने 1989 साली एक मोहीम सुरू केली: वयाच्या 80व्या वर्षी स्वतःचे 20 दात. म्हातारपणी बोळकं व्हायलाच हवं असं नाही.

म्हणून एवढं करा. महिन्यातून एकदा आजी-आजोबांच्या तोंडात बॅटरीने बघा. रक्त, पू, सूज, वास किंवा हलणारा दात दिसला तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या, बीपीच्या, साखरेच्या सगळ्या गोळ्या सोबत न्या. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका. बीपीच्या काही गोळ्यांनीही हिरड्या सुजतात. मिश्री सोडवा. ब्रश हातात धरता येत नसेल तर मुठीला कापड गुंडाळून ती जाड करा, नाहीतर तुम्ही घासून द्या. कवळी रात्री काढून ठेवा.

आजीचे ते चार दात काढावे लागले. बाकीचे तीन वेळा बोलावून साफ केले. काही महिन्यांनी ती वरणात भिजवलेली भाकरी चावून खाऊ लागली, आणि पदर तोंडावरून खाली आला. दोन वर्षं आधी पाहिलं असतं, तर कदाचित ते चारही वाचले असते. ती चूक माझी.

तुम्ही आज रात्रीच जेवणानंतर बघा.