भोईवाड्यांतील गॅलरी

मुंबईंत भोईवाडे दोन : एक भुलेश्वरचा, दुसरा परळचा. परळच्या भोईवाड्यांत माझें बालपण व तारुण्य गेलें. मध्यंतरीं के. ई. एम. रुग्णालयांत एका आप्तांच्या समाचारास गेलों असतां पावलें आपोआप त्या गल्लीकडे वळलीं. आमची चाळ आतां तेथें नाहीं. पण तिची एक आठवण आहे, ती वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

१८९६ सालच्या प्लेगनंतर, १८९८ मध्यें, मुंबईंत सुधारणा ट्रस्ट निघाला. पुढें १९२० नंतरच्या दशकांत सरकारी विकास खात्यानें जवळच नायगांवास बी. डी. डी. चाळी उभारल्या. तळमजला व वर तीन मजले, एका चाळींत ८० खोल्या, खोली सुमारें १६० चौरस फुटांची. आमची चाळ खाजगी मालकीची व लांकडी. परंतु रीत तीच. खोली ज्याची त्याची. गॅलरी, जिना, नळ आणि शौचकूप मात्र सर्वांचे.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडेकऱ्यास मोठें अभय दिलें. बहुतेक जुन्या घरांचें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलें गेलें. हा कायदा नसता तर आमच्यासारख्यांस मुंबईंत राहणें दुर्घट झालें असतें. परंतु महागाई वाढत गेली आणि भाडें तेथेंच राहिलें. तेव्हां मालकांनीं डागडुजीकडे पाठ फिरविली. आम्हीही म्हणूं लागलों, "खोली आमची, छप्पर मालकाचें!"

१९८२ मध्यें गिरण्यांचा संप सुरू झाला. दुसऱ्या वर्षीं उन्हाळ्यांत आमच्या गॅलरीवरची पन्हळ कुजली. मालकांनीं हात झटकले. चाळींतील वडीलधारे एक गृहस्थ वर्गणीची वही घेऊन माझ्याकडे आले. मी नुकताच शिक्षक झालों होतों; माझा शब्द चाळींत मानला जाई. मीं कायद्याचें पुस्तक काढून सर्वांसमक्ष वाचून दाखविलें कीं, दुरुस्ती हें मालकाचें कर्तव्य आहे. आधींच ओढगस्तींत असलेल्या मंडळींस तें पटलें. वर्गणी तेथेंच थांबली.

श्रावणांत एके रात्रीं भिजलेली तुळई खचली व गॅलरीचा कोपरा खालीं आला. तळमजल्यावर एक वृद्ध विधवा राहत. त्यांना आम्ही काकू म्हणत असूं. दारापुढील त्यांची शेगडी व पाण्याचें पिंप ढिगाऱ्याखालीं गेलें. त्या आंत निजल्या होत्या, म्हणून वांचल्या. नंतर कित्येक दिवस त्यांचें ताट शेजारच्या घरांतून जात होतें. मला त्या एका शब्दानेंही बोलल्या नाहींत.

पुढें तेंच कलम मीं पुन्हा वाचलें. मालकानें हयगय केल्यास त्यास नोटीस द्यावी, भाडेकऱ्यांनीं एकत्र येऊन दुरुस्ती करावी आणि खर्च मर्यादेनें भाड्यांतून वळता करावा, अशी सोय त्यांतच होती. हक्काचें वाक्य मीं मोठ्यानें वाचलें होतें. त्यापुढचें वाक्य वाचलेंच नव्हतें. विद्यार्थ्यानें अर्धा श्लोक म्हणून दाखविला असता, तर मीं त्याला उभें केलें असतें.

१९९७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही म्हटलें कीं, गोठविलेलें भाडें काळाच्या ओघांत अन्याय्य झालें आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानें भाड्यांत दरसाल ४ टक्के वाढीस मुभा दिली. पण तोंवर कितीएक तुळया कुजून गेल्या होत्या.

आतां बी. डी. डी. चाळींच्या जागीं मनोरे उठत आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्यें किल्ल्या मिळाल्या. खोलीऐवजीं ५०० चौरस फुटांचें स्वतःच्या मालकीचें घर. फार चांगलें झालें. मात्र उद्वाहन बंद पडलें, पंप बिघडला, तर बोट दाखवावयास तेथें घरमालक असणार नाहीं.

भोई म्हणजे पालखी वाहणारा. एकानें खांदा काढून घेतला तर भार नाहींसा होत नाहीं, शेजारच्या खांद्यावर पडतो. माझा भाचा नायगांवच्या नव्या घराची वाट पाहत आहे. त्याला मीं एवढेंच सांगितलें आहे, "बाबा, किल्ली हातीं आली कीं आपली खोली मोजण्यापूर्वीं एकदां जिना पाहून ये."