लिफाफ्यातला पासवर्ड

ऑडिटरने एवढंच मागितलं: नोकरी सोडून गेलेल्यांची नावं आणि सर्व्हरवरची खाती शेजारी शेजारी ठेवा. पुण्यातल्या आमच्या कंपनीत प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर प्रत्येकाचं वेगळं खातं, त्यामुळे गेलेली माणसं कुठे ना कुठे शिल्लक निघालीच. विंडोजसाठी ॲक्टिव्ह डिरेक्टरी आधीपासून होती. सर्व्हरही तिलाच जोडायचे ठरले.

जोडणी अवघड नाही. 'रिअल्म जॉइन' ही कमांड आणि एसएसएसडी ही सेवा बरंचसं निभावून नेतात. घड्याळं तेवढी जुळवावी लागतात. 5 मिनिटांहून जास्त फरक ओळख पटवणारं कर्बेरॉस सहसा खपवून घेत नाही. मेख पुढे होती. गटांना प्रवेश 'रिअल्म परमिट'ने दिला होता. चाचणीसाठी एक खातं डिरेक्टरीत बंद केलं. पासवर्ड चालेना, पण एसएसएच की वापरून गडी खुशाल आत! त्या कमांडने प्रवेशाची तपासणी 'सिंपल' होते. ती नाव आणि गट बघते, खातं चालू की बंद ते बघत नाही. ती बदलून 'एडी' केली, तेव्हा कुठे की अडली. ही चाचणी किती जण करतात, मला शंकाच आहे.

मग आयड्रॅककडे वळलो. सर्व्हर बंद असला तरी तो दुरून चालू करून देणारं हे कार्ड. जुन्या डेल मशीनवर त्याचा पासवर्ड 'कॅल्विन' असे, आणि कित्येक ठिकाणी तो तसाच राही. तेही एलडीएपीएसने, 636 पोर्टवर, डिरेक्टरीला जोडलं.

"आता कार्डावरचं लोकल रूट खातं काढून टाकू या," सहकारी म्हणाला. मी अडून बसलो. डिरेक्टरी चालवणारे आमचे डोमेन कंट्रोलर याच सर्व्हरवर चालणारी व्हर्च्युअल मशीन होती. सर्व्हर बंद पडले तर कार्ड ओळख विचारणार कोणाला? आणि कार्ड उघडल्याशिवाय सर्व्हर दुरून चालू होणार कसे? किल्ली आत ठेवून कपाट लावल्यासारखंच ते. बराच वाद झाला. शेवटी ते खातं राहिलं आणि त्याचा लांबलचक पासवर्ड लिफाफ्यात घालून ऑफिसच्या तिजोरीत ठेवला.

पुढे पावसाळ्यात डेटा सेंटरची वीज गेली, यूपीएसही संपले. वीज परतली तेव्हा सगळे सर्व्हर बंद, डिरेक्टरी बंद. लिफाफा फोडला, लोकल खात्याने कार्डात शिरलो, आधी डोमेन कंट्रोलरचा सर्व्हर उठवला. नंतर पासवर्ड बदलून नवा लिफाफा केला.

तुमचेही डोमेन कंट्रोलर व्हर्च्युअल असतील, तर एक तरी वेगळ्या मशीनवर ठेवा. लोकल खातं काढू नका. ते कोणी वापरलं तर लगेच कळेल, एवढी सोय मात्र करा.