फुंकणी आणि पंप

आमच्या वाडीतील जुन्या घरात चुलीपाशी एक लोखंडी फुंकणी असे. पावसाळ्यात ओलसर झावळ्या आणि नारळाची सोडणे पेटता पेटत नसत. मग आई गुडघे टेकून, गाल फुगवून त्या फुंकणीतून वारा घाली आणि सारे घर धुराने भरून जाई. आम्ही मुले डोळे चोळीत ओटीवर पळत असू. आई तेथेच असे. १९८८ साली घरात गॅसची शेगडी आली, तोवर तिच्या संसाराची सत्तावीस वर्षे त्या धुरात गेली होती. माहेरची वर्षे निराळीच.

२००९ च्या हिवाळ्यापासून ती देवळाच्या वाटेवर थांबू लागली. कुणाशी तरी बोलण्याचे निमित्त काढून थांबे, म्हणून आमच्या ध्यानी आले नाही. विचारले तर म्हणे, "वय झालं गं." दोन वर्षे आम्ही खोकल्याच्या बाटल्यांवर काढली. अखेर २०११ साली छातीच्या डॉक्टरांनी तिला एका यंत्रात जोराने फुंकायला लावले. पहिल्या सेकंदात जेवढा श्वास बाहेर पडायला हवा, त्याच्या निम्माही पडेना.

"आजी, विडी ओढत होता का?" डॉक्टरांनी विचारले.

आई लाजली. "नाही हो, चूल फुंकत होते."

आजाराचे नाव सीओपीडी. श्वासनलिका अरुंद होतात आणि पूर्ववत होत नाहीत. धूम्रपान न करणाऱ्यांनाही तो मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे एक मुख्य कारण आहे, हे डॉ. संदीप साळवी व पीटर बार्न्स यांनी २००९ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते. आम्हाला ते कळायला आईचा श्वास अडावा लागला.

प्रथम मिळाला तो साल्ब्युटॅमॉलचा पंप. काही मिनिटांत छाती मोकळी होई, पण तो आराम चारसहा तासांचा. शिवाय हात थरथरत. पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते, असे शेजारणी सांगत. त्यांचे ऐकून मीही तिला एकदा म्हणाले, "किती वेळा घेतेस, आई?" त्यानंतर ती पंप लुगड्याच्या ओच्यात लपवू लागली. ते वाक्य मला परत घेता आले असते तर!

पुढे डॉक्टरांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांचा विचार सांगितला. साल्मेटेरॉल बारा तास टिकते, म्हणून दिवसातून दोनदा घ्यायचे. ते श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूंना सैल व्हायला सांगते. टायोट्रोपियम चोवीस तास टिकते. आवळून धरण्याचा जो निरोप मज्जातंतू त्या स्नायूंना पाठवतात, तो ते अडवते. गंमत अशी की हे दुसरे औषध धोत्र्यातील द्रव्याच्या कुळातले. धोत्र्याचा धूर दम्यावर ओढण्याची आपल्याकडील रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडला पोहोचली होती. (कुणी घरी प्रयोग करू नये, धोत्रा विषारी आहे.)

दोहोंत उजवे कोणते? २०११ साली सात हजारांहून अधिक रुग्णांवरील तुलनेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. चौथाई रुग्णांचा आजार पहिल्यांदा उसळेपर्यंत साल्मेटेरॉलवर १४५ दिवस गेले, टायोट्रोपियमवर १८७. बेचाळीस दिवसांचा फरक. अर्थात खर्च टायोट्रोपियम विकणाऱ्या कंपन्यांनीच केला होता, हेही लक्षात ठेवावे. त्यापूर्वी, २००८ साली, त्याच औषधाच्या चार वर्षांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती: उसळी कमी येतात, जगणे सुसह्य होते, पण फुप्फुसांची झीज काही मंदावत नाही.

मला मात्र वेगळीच गोष्ट खुपली. ह्या दोन्ही अभ्यासांत प्रवेश मिळण्यासाठी निदान दहा वर्षे रोज एक पाकीट सिगारेट ओढल्याइतका पूर्वेतिहास लागे. म्हणजे माझ्या आईला तेथे उभेही केले नसते. तिच्यासाठी निवडलेले औषध जगभर तोलले गेले ते सिगारेट ओढणाऱ्यांच्या छातीवर. चुलीपुढे बसलेल्या बाईचा धूर त्या तराजूत पडलाच नव्हता.

तेव्हा तिची तुलना घरातच झाली. साल्मेटेरॉलने रात्र बरी जाई, पण छाती धडधडे. म्हणून २०१२ साली टायोट्रोपियम सुरू झाले. आठ दिवस काहीच गुण येईना. नवव्या दिवशी पाहते तो आई ती कॅप्सूल चहाबरोबर गिळत होती! यंत्रात घालून, टोचून, आतली पूड ओढायची असते, हे दवाखान्यात घाईघाईने सांगितले गेले होते. अभ्यासांचे आकडे वाचणारी मी तिच्याजवळ एक सकाळ उभी राहिले नव्हते. मग शिकवू लागले, तर तिची अडचण निराळीच. नळी ओठांत धरली की ती सवयीने फुंकत असे. पूड बाहेर उडे. जन्मभर नळीतून बाहेर सोडलेला श्वास आता आत ओढायचा होता.

पंधरा दिवसांनी जमले. तोंड कोरडे पडे, म्हणून ती खडीसाखर चघळी. वर्षाच्या अखेरीस मात्र हिशेब जुळेना; कॅप्सुली उरत होत्या. ती दिवसाआड घेत होती.

"बरं वाटतंय ना, मग रोज कशाला? किती महाग ते."

त्यावर मी रागावले नाही. पंपाच्या वेळचे आठवत होते. रोज सकाळी तिच्याशेजारी बसू लागले, एवढेच.

आता दोन्ही प्रकारची औषधे एकाच यंत्रातून देण्याकडे डॉक्टरांचा कल आहे, आणि आईलाही तसेच मिळते. विहिरीपर्यंत जाताना ती पूर्वी तीनदा थांबे, आता एकदा, जांभळीखाली. गेल्या महिन्यात भंगारवाला दारी आला. माळ्यावरचे काढताना ती फुंकणी हाती लागली. मी ती ढिगात टाकणार, तोच आईने हात पुढे केला.

"राहू दे गं. गॅस संपला तर लागेल."