निकालाचा दिवस

शंभू महादेवाच्या डोंगरात उगम पावणारी माणगंगा दहिवडी-म्हसवडवरून आटपाडीच्या मुलखात उतरते व पुढे भीमेला मिळते. नदी अशी दारातून जात असूनही माणदेश तहानलेलाच राही. बाजरी पिकली तर पिकली. नाही तर मेंढरे घेऊन परमुलखाची वाट धरावयाची, किंवा मुंबईची गिरणी गाठावयाची. अशा घरातला मुलगा खांद्यावर घोंगडी टाकून महाविद्यालयात येई. तो नापास झाला तर पुढल्या वर्षाची फी कोठून आणावी, हा प्रश्न घरात कोणालाच सुटण्यासारखा नसे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, ते अशाच मुलांसाठी. 'कमवा आणि शिका' ही तेथील रीत. अंगमेहनतीचे काम करावे आणि त्या कमाईवर शिकावे! हातांना घट्टे पडलेल्या या मुलांना बॅरिस्टर पी. जी. पाटील यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. ते स्वतः भाऊरावांच्याच वसतिगृहात वाढले होते. त्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, एवढेच नव्हे तर मंगळसूत्रही दिले होते. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसाला वकिलीत पैसा व मान दोन्ही मिळाले असते. त्यांनी अध्यापन पत्करले. पुढे ते प्राचार्य झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आणि भाऊरावांचे विस्तृत चरित्र त्यांनी इंग्रजीत लिहिले.

याला ऋण म्हणावे काय? पण सावकाराचे ऋण फेडून मोकळे होता येते. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र कोणी कसे परत करावयाचे? ते मागून येणाऱ्या मुलाच्या पदरातच घालता येते.

असे देणे देताना शिक्षकाला जे मिळते, ते मात्र सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. हुशार मुलगा कोणाजवळही शिकतो. त्याच्या यशात शिक्षकाचा वाटा किती, हे सांगणे कठीण. परंतु जो पहाटे पिकाला पाणी देऊन वर्गात येतो, इंग्रजी वाक्य कानावरून गेले तरी संकोचाने विचारीत नाही, त्याच्या शेजारी बसून त्याची वही उघडावी लागते. तीच चूक दहा वेळा दुरुस्त करावयाची! हे काम कंटाळवाणे आहे, यात संशय नाही. मग एके दिवशी तोच मुलगा कोणाच्या मदतीवाचून पानभर मजकूर लिहून आणतो, आणि 'सर, पाहता का?' असे हळूच विचारतो. त्या पानातही चुका असतात. पण त्या नव्या असतात, जुन्या नव्हेत. शिक्षकाला तेवढे पुरते.

निकालाच्या दिवशी लोक प्रथम वर्गाची यादी वाचतात. असा शिक्षक तृतीय वर्गाच्या यादीपासून आरंभ करतो, आणि तीत ते नाव सापडले की माणदेशातल्या त्या घरी आधी पत्र टाकून मग आपल्या घरी जातो.