सखीचें सांगणें

नाशिकहून गुजरातच्या वाटेवर, सह्याद्रीच्या रांगांत, पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर पेठ हें तालुक्याचें गांव आहे. येथें आम्हीं तीस वर्षें संस्कृत व मराठी शिकविण्यांत घालविलीं आणि निवृत्तीनंतर येथेंच राहिलों. शिक्षकाची एक खोड मात्र निवृत्तीबरोबर सुटत नाहीं; ती म्हणजे वाटेंत भेटेल त्यास उपदेश करण्याची. त्या खोडीपायीं आम्हांस जें शिकावें लागलें, तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बसस्थानकावर आमची एक जुनी विद्यार्थिनी मोबाईल कानाला लावून अर्धा तास बोलत उभी होती. ती आतां आपल्याच पाड्यावर आशा कार्यकर्ती आहे. आम्हीं तो प्रकार पाहिला आणि शेवटीं न राहवून म्हटलें, "बाई ग, वर्गांत एवढी बोलली असतीस तर पहिली आली असतीस!" ती हंसली, खुणेनेंच नमस्कार केला; परंतु फोन कांहीं ठेवला नाहीं. आम्हांस तो उद्धटपणा वाटला.

महिन्याभरानें तिच्याच तोंडून खरी हकीकत कळली. भात-नागलीचीं पिकें निघालीं कीं या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीस उतरतात. त्या दिवशीं फोनवर होती ती तिच्या पाड्यावरचीच, सातवा महिना लागलेली एक बाई. तोंड व हात सुजलेले, डोकें ठणकत होतें, डोळ्यांपुढें अंधारी येत होती. हें तिनें नवऱ्यास सांगितलें नव्हतें, मुकादमास तर नाहींच. खाडा पडेल आणि मजुरी बुडेल ही धास्ती. आपल्या पाड्यावरच्या, आपल्याच बोलींत बोलणाऱ्या, दोन बाळंतपणें सोसलेल्या बाईपाशीं मात्र ती बोलली. आणि तेंहि शेळीची, सासूची, विहिरीच्या पाण्याची विचारपूस झाल्यावर! आमची विद्यार्थिनी फोन ठेवती, तर ती मूळ गोष्ट तशीच पोटांत राहिली असती. लक्षणें ऐकतांच हा रक्तदाबाचा विकार असावा असें तिनें ताडलें व तिकडच्या गांवच्या आशाबाईस कळविलें. ती बागेंत गेली आणि त्याच रात्रीं रुग्णास दवाखान्यांत पोंचविलें. बाळ अपुऱ्या दिवसांचें झालें. पण मायलेंकरें सुखरूप आहेत.

ही हकीकत आम्हीं घरीं जेवतांना मोठ्या कौतुकानें सांगितली. आमची पत्नी वाढतां वाढतां थांबली. म्हणाली, "आपल्या सूनबाईचेंहि तोंड असेंच सुजलें होतें. तेव्हां तुम्ही म्हणालांत, या दिवसांत सूज येतेच. मींहि तेंच म्हटलें."

आमचें अकरा माणसांचें घर. औषधपाण्यास पैसा होता, दाराशीं वाहन होतें. तरी तें बाळ जगलें नाहीं, आणि पुढें त्याविषयीं घरांत कोणी शब्दहि काढला नाहीं. त्या रात्रीं प्रथमच आम्हीं सूनबाईस विचारलें, "तूं आम्हांस नीट सांगितलें कां नाहींस?" ती म्हणाली, "कोणाला सांगणार, अण्णा? घरांत सगळीं मोठींच होतीं."

वैयाकरण 'सखि' हा शब्द 'समान' आणि 'ख्या', म्हणजे सांगणें, यांपासून साधतात, हें आम्हीं जन्मभर मुलांस घोकविलें. त्याचा अर्थ आम्हांस त्या रात्रीं उमगला. शाकुंतलांत दुर्वासाचा शाप ठाऊक होता तो अनसूया व प्रियंवदा या दोघींसच. त्या आश्रमांत राहिल्या आणि शकुंतलेबरोबर राजवाड्यांत गेली ती वडीलधारी गौतमी. गौतमीच्या मायेंत उणें नव्हतें. परंतु जें ठाऊक हवें होतें तें तिला ठाऊक नव्हतें.

हें मर्म ज्यांनीं ओळखलें त्यांचें काम टिकलें. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं जामखेडास काम आरंभिलें, तेव्हां आरोग्याचें ज्ञान खेड्यांतल्याच, बहुधा निरक्षर, बायकांच्या हातीं दिलें. बांगलादेशांत १९९७ पासून ग्रामीण बँकेच्या कर्जावर गांवोगांवच्या बायकांनीं मोबाईल घेतले आणि त्यांचें घर हेंच गांवाचें टेलिफोनघर झालें. आपल्याकडे २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें, त्यांत आशा त्याच गांवची, विवाहित, विधवा वा घटस्फोटित स्त्री असावी असें ठरलें. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. त्यांना पगार नाहीं, मानधन व कामागणिक मोबदला आहे. आणि येथील कित्येक पाड्यांवर रेंज मिळावी म्हणून अजूनहि टेंकाड चढावें लागतें. तरी त्या चढतात.

यंत्राचा महिमा आम्हांस गावयाचा नाहीं. आमच्या सूनबाईच्या हातींहि मोबाईल होता. पलीकडे कोणी नव्हतें. असलेच तर आमच्या घड्याळाकडे पाहण्याच्या संवयीनें तें बोलणें आंखडतें होत असेल.

वाचकहो, आपल्या भरल्या घरांत वडीलधाऱ्यांची वाण नाहीं. परंतु सूनबाई मैत्रिणीशीं फोनवर बोलत असेल, आणि तें बोलणें निव्वळ भाजीपाल्याचें वाटत असेल, तर तें पुरें होऊं द्यावें. मूळ गोष्ट शेवटीं निघते. आमच्या घरीं अलीकडे दुपारीं सूनबाईचा फोन चालूं असला कीं आम्ही ओटीवर जाऊन बसतों. पेठच्या बसस्थानकावर तर आतां कोणासहि उपदेश करीत नाहीं.